४३ स्क्रीनशॉट आणि एक मुनीम

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगते, म्हणजे कुठे चुकत असेन तर तिथेच अडवता येईल.

तुमच्या अशिलांचा जालन्याच्या मोंढ्यात सरकी-पेंडीचा व्यापार आहे, जोडीला छोटी तेल मिल. गुजरातच्या एका कारखान्याकडून एक्सपेलर (तेल काढायचं यंत्र) घ्यायचा सौदा ठरला आणि ऐन पैसे भरायच्या वेळी 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा ईमेल आला. ११ लाख ४० हजार रुपये त्या नव्या खात्यात गेले. कारखाना म्हणतो, आम्ही असा मेल पाठवलाच नाही. त्याच आठवड्यात फेसबुकवर शेठजींच्या नावाचं, त्यांचाच फोटो लावलेलं खोटं खातं उघडलं गेलं. 'शेठचं दिवाळं निघालं, आपापले पैसे काढून घ्या' ही पोस्ट तिथून व्हॉट्सॲपच्या गावागावातल्या गटांत फिरली. संशय दिवाळीत कामावरून काढलेल्या मुनिमावर. हातात पुरावा म्हणून ४३ स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग करून. आणि प्रश्न असा: एवढ्यावर मुनिमाला धरता येईल का?

नाही. आणि मुनिमाचं नाव तूर्त फाईलमधून काढून टाका. हे मी गेली अठरा वर्षं संभाजीनगरला बसून डिजिटल पुरावे तपासायचं हेच काम करते म्हणून सांगते आहे. नाव आधी ठरलं की प्रत्येक कागद त्या नावाकडेच बोट दाखवायला लागतो. मग ज्या नोंदीत दुसरंच काही दिसतं, ती वाचायची राहून जाते.

पैशाचं आधी. नऊ दिवस झालेत असं तुम्ही लिहिता. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार अजून झाली नसेल, तर हे उत्तर इथेच ठेवा आणि ते आधी करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची आशा असते. नऊ दिवसांनी ती फार उरत नाही, पण खात्यांची साखळी तरी नोंदली जाते. माझा अनुभव असा की अशा प्रकरणात पैशाची वाट ईमेलच्या वाटेपेक्षा लवकर माणसापर्यंत नेते. खातं बहुतेक भाड्याचं निघतं, कुणा गरजवंतानं काही हजारांसाठी दिलेलं. तरी त्याला कुणीतरी भेटलेलं असतं, त्याचं पासबुक कुणीतरी नेलेलं असतं, एटीएमच्या कॅमेऱ्यासमोर कुणीतरी उभं राहिलेलं असतं. ते चित्रीकरण बँका कायम ठेवत नाहीत. तपास अधिकाऱ्याला ते याच आठवड्यात मागायला सांगा.

आता तुमची स्पायरल फाईल. पोलिसांच्या प्रशिक्षणात मी एक खेळ करते. समोरच्या पडद्यावर कुणाचाही ईमेल ब्राउझरमध्ये उघडते, माऊसचं उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडते आणि ११ लाखांचे ११ कोटी करते. वीस सेकंदही लागत नाहीत. मग त्याचा स्क्रीनशॉट काढून विचारते, यातलं काय खोटं आहे ते दाखवा. कुणालाच दाखवता येत नाही, मलाही नाही. व्हॉट्सॲपची 'एक्सपोर्ट चॅट' केलेली फाईलही तशीच. ती साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडून कुणीही वाक्य बदलू शकतं. स्क्रीनशॉट टाकाऊ आहेत असं नाही. मूळ वस्तू कुठे शोधायची ते त्यांतून कळतं. पण ती मूळ वस्तू नव्हे.

तुम्ही जालन्याचे आहात, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको: इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा आज देशभर दाखवला जाणारा निकाल तुमच्याच गावच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. उमेदवारी अर्ज तीन वाजायच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण हा पुरावा. त्या चित्रीकरणाच्या सीडींना जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र, म्हणजे ही प्रत कुठल्या यंत्रातून कशी काढली ते सांगणारा कागद, नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये अधिकाऱ्याची उलटतपासणीतली साक्षच पुरेशी मानली आणि निवड रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न केले आणि देणाऱ्यानं दिलं नाही, तर त्याचा दोष मागणाऱ्यावर टाकता येणार नाही. त्यानं कोर्टाकडूनच ते मागवून घ्यावं. म्हणून गोरंट्यालांच्या बाजूचा निकाल टिकला.

त्या निकालातल्या दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि यंत्राच्या मालकानं पिंजऱ्यात उभं राहून ते आपलं असल्याचं सांगितलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. शेठजींचा फोन म्हणूनच जपायचा. दुसरी गोष्ट म्हणजे मागणीची लेखी नोंद. प्रमाणपत्र ज्याच्याकडून हवं त्याला आजपासून पत्रं लिहा, पोच ठेवा. उद्या कुणी दिलं नाही, तर ती पत्रंच तुमच्या कामी येतील.

१ जुलै २०२४ पासून ६५ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नं घेतली आहे. प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत फाईलचं हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीनं काढलं ते लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. शा-२५६ नं काढलं तर ६४ चिन्हांची ओळ येते आणि फाईलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ती सगळी बदलते. विंडोजमध्ये यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. फाईल हातात आली की लगेच हॅश काढा आणि पंचनाम्यात लिहा. चार महिन्यांनी काढलेलं हॅश एवढंच सांगतं की चार महिन्यांनंतर फाईल बदलली नाही.

आता ईमेल. इथे जरा रेंगाळते, कारण तुमच्या प्रकरणातला सगळ्यात बोलका साक्षीदार हाच आहे.

शेठजींनी तो मेल तुम्हाला फॉरवर्ड केला असेल. त्या फॉरवर्डचा मला उपयोग नाही, त्यात मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची आतली नोंद, राहत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' आहे, तिथून 'डाउनलोड ओरिजिनल'. जी ईएमएल फाईल उतरते ती खरी वस्तू. विषयाच्या ओळीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर घाबरू नका. देवनागरी मजकूर ईमेलमध्ये असाच बांधून पाठवला जातो. एका अशिलानं तो व्हायरस समजून मूळ मेलच पुसून टाकला होता. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो म्हणून वाचलो.

हेडरमध्ये 'रिसीव्ह्ड' नावाच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो आपला शिक्का वरच्या बाजूला मारतो. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. पण विश्वास मात्र वरून खाली ठेवायचा. सगळ्यात वरचे शिक्के तुमच्या स्वतःच्या मेलसेवेनं मारलेले असतात, ते पाठवणाऱ्याला बदलता येत नाहीत. खालचे शिक्के तो आधीच बनावट लिहून पाठवू शकतो. दोन शिक्क्यांच्या वेळा जुळत नाहीत किंवा एकानं 'दिला' म्हटलेला सर्व्हर आणि दुसऱ्यानं 'घेतला' म्हटलेला सर्व्हर वेगळा आहे, तिथे सांधा तुटतो. त्याच्या खालचं सगळं संशयानं वाचायचं.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात. जीमेलच्या ओळींत २००२ नं सुरू होणारा लांबलचक आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसतो आणि ते लगेच 'आरोपीचा आयपी सापडला' म्हणून अर्ज लिहितात. तो गूगलच्या स्वतःच्या आतल्या जाळ्याचा पत्ता असतो, बाहेरच्या जगात त्याला अर्थ नाही. जीमेल ब्राउझरमधून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी हेडरमध्ये देतच नाही. तो गूगलच्या नोंदीत असतो आणि त्या नोंदी पोलिसांना किंवा कोर्टालाच मिळतात, मला किंवा तुम्हाला नाही.

मग 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही ओळ पाहा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल असतात. पहिला सांगतो, या डोमेनचा (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मेल पाठवायचा अधिकार त्या सर्व्हरला होता का. दुसरा म्हणजे डोमेनची डिजिटल सही, मजकूर वाटेत बदलला नाही याची खूण. तिसरा, समोर दिसणारं डोमेन आणि तपासलेलं डोमेन एकच आहे का ते बघतो. डीकेआयएमची गंमत अशी की डोमेनची चावी जागेवर आहे तोवर ही सही नंतरही तपासता येते. म्हणजे ईएमएल फाईल स्वतःची साक्ष स्वतः देते. तुमच्या रंगीत प्रिंटला ते जमणार नाही.

पण तिन्ही ठिकाणी 'पास' दिसलं म्हणजे मेल कारखान्यानंच पाठवला, असं समजू नका. भामट्यानं कारखान्याच्या नावासारखंच डोमेन विकत घेतलं असेल, इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी ठेवून किंवा शेवटी एक एस वाढवून, तर ते डोमेन त्याचं स्वतःचं आहे. सही, परवानगी, सगळं अस्सल येणार. पत्ता एकेक अक्षर सुटं करून वाचा, शक्यतो दुसऱ्या फाँटमध्ये. 'रिप्लाय-टू' वेगळा आहे का तेही बघा. पत्ता अक्षर न् अक्षर खरा निघाला आणि सहीही खरी असेल, तर कारखान्याच्या मेलपेटीतच कुणीतरी शिरलेलं आहे. तेव्हा तपास जालन्यात नाही, गुजरातला करावा लागेल.

तिसरी शक्यता अशिलांना आवडत नाही. भामट्याला सौदा माहीत होता, रक्कम माहीत होती, प्रोफॉर्मा बिलाचा नंबर माहीत होता. म्हणजे दोन पेट्यांपैकी एक तो बरेच दिवस वाचत होता. शेठजींची पेटी कशावरून नाही? त्यांच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मला असा फिल्टर सापडला होता: पुरवठादाराचा खरा मेल आला की तो न दिसता थेट ट्रॅशमध्ये. मालक पंधरा दिवस म्हणत होते, 'मॅडम, समोरचा पार्टी उत्तरच देईना गेलाय.' उत्तरं येत होती, ट्रॅशमध्ये पडत होती. जीमेलच्या पानाच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' असतं, त्यात अलीकडचे प्रवेश दिसतात. त्याचं चित्रीकरण आजच करा, ती यादी सरकत जाते. पासवर्ड बदलायचा तो हे सगळं नोंदवून झाल्यावर, पण त्याच बैठकीत. आणि दुकानात तो पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता? कॅलेंडरच्या मागे लिहिलेला पासवर्ड मी मोंढ्यात एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे.

समजा पोलिसांनी नोंदी मागवल्या आणि आयपी पत्ता आला. काम झालं असं वाटतं, पण खरी कटकट इथे सुरू होते. मोबाइल कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते कमी आणि ग्राहक जास्त, म्हणून एकच पत्ता एका वेळी शेकडो जणांत वाटलेला असतो. वेगळेपण फक्त पोर्ट क्रमांकानं कळतं. अर्जात आयपी, पोर्ट, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर कंपनी एक भलीमोठी यादी पाठवते. त्या यादीत तुमचा मुनीम असू शकतो आणि तुमचे शेठजीही असू शकतात. सेवा देणाऱ्या कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायची अट आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. पण छोट्या होस्टिंगवाल्याकडे प्रत्यक्षात काय उरलं असेल याची खात्री देऊ नये. त्यांना जतन करण्याचं पत्र लगेच जायला हवं.

वेळेवरून माझी स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीच्या गोपनीय दरपत्रकाच्या गळतीचं प्रकरण होतं. सर्व्हरच्या नोंदीत मेल गेल्याची वेळ १८:४७. मी अहवालात लिहिलं, संध्याकाळी पावणेसात. त्या वेळी संगणकावर एक ऑपरेटर मुलगी होती, हजेरीच्या यंत्रात तिचा अंगठा होता. तिला घरी बसवायची तयारी झाली. तिचे वडील जुन्या वॉचमनला घेऊन माझ्याकडे आले, वॉचमनच्या हातात गेटचं रजिस्टर. 'ताई, तुम्ही म्हणायलात ती वेळ बरोबर हाय का एकदा बगा. रातच्याला बी कोणतरी आलतं.' सर्व्हर जागतिक वेळ लिहीत होता. त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे बारा वाजून सतरा मिनिटं होतात, म्हणजे तारीखसुद्धा पुढची. त्या वेळी आत कोण होतं ते रजिस्टरात होतं, आणि ती मुलगी नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात दोन रकाने असतात, मूळ वेळ आणि भारतीय वेळ. संध्याकाळी साडेसहानंतरची कुठलीही जागतिक वेळ दिसली की मी अजूनही थांबून बोटांवर मोजते.

फेसबुककडे वळू. खोटं खातं दिसलं की घरातली तरुण पोरं पहिलं काम करतात ते 'रिपोर्ट' मारण्याचं. दहा जणांनी मारलं की खातं उडतं आणि त्याबरोबर तुम्हाला दिसणारा पुरावाही. व्यापारी अफवेच्या प्रकरणात आधी नोंद, मग पोलिसांमार्फत जतनाची विनंती, आणि त्यानंतर रिपोर्ट, हा क्रम ठेवा. फेसबुकची कंपनी मेटा अशा विनंतीवर माहिती ९० दिवस गोठवून ठेवते, तेवढ्यात रीतसर नोटीस जावी लागते. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली जाते. एखाद्या बाईचे किंवा मुलीचे फोटो असतील तर मात्र हा क्रम विसरा, पहिल्या मिनिटाला रिपोर्ट करा. पुरावा थोडा कमी पडला तरी चालेल. खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवण्याचं बंधन २०२१ च्या आयटी नियमांत आहेच.

नोंद म्हणजे स्क्रीनशॉट नव्हे. खात्याचं नाव आणि वापरकर्ता-नाव कधीही बदलता येतं. आज 'शेठजी जालना' असलेलं खातं उद्या 'किंग भाईजान' होईल. बदलत नाही तो खात्याचा अंकी क्रमांक, तो पानाच्या सोर्समध्ये (पानामागच्या कोडमध्ये) सापडतो. नोटिशीत तो लिहिला नाही तर 'असं खातं आढळत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. पोस्टची स्वतंत्र लिंक लिहून घ्या. संपूर्ण पडद्याचं चित्रीकरण करा, त्यात पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दिसू द्या, शेजारी दोन पंच बसवा. मेटाकडून आधी मिळते ती नोंदणीची माहिती आणि प्रवेशांचे आयपी. खासगी संदेशांचा मजकूर हवा असेल तर अमेरिकेशी असलेल्या कायदेशीर साहाय्याच्या करारातून जावं लागतं. ती वाट किती लांब, हे तुम्हाला माहीत असेलच. ११ लाखांच्या प्रकरणात मी तिकडे जायचा सल्ला देणार नाही.

व्हॉट्सॲपवर पोस्ट 'अनेकदा फॉरवर्ड' अशा दुहेरी बाणासह आली असेल, तर ती तुमच्यापर्यंत येईस्तोवर निदान पाच हात फिरली आहे. गटात टाकणारा माणूस तिचा जनक नाही. त्याच्यावर आधी गुन्हा आणि मग चौकशी, असं केलंत तर पुढे कुणीच तोंड उघडणार नाही. मूळ पाठवणारा ओळखून देण्याच्या नियमाला व्हॉट्सॲपनं २०२१ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्याची वाट बघण्यापेक्षा तालुक्याच्या गटांत जुनी पद्धत चांगली चालते: 'तुला कुणी पाठवलं रे?' एकेक फोन मागे जायचं. माणसं सांगतात, फक्त चहा पाजून विचारावं लागतं.

तांत्रिक मदत अशी होते. चित्र नुसतं पुढे ढकललं तर त्या फाईलचं हॅश सहसा तेच राहतं. कुणी स्क्रीनशॉट काढून नव्यानं पाठवलं की ते बदलतं. चार गावांतल्या चार फोनांवर एकच हॅश म्हणजे ती एका साखळीतली. वेगळं म्हणजे कुणीतरी मध्येच नवी सुरुवात केली. अँड्रॉइड फोनमध्ये चित्राच्या नावात जी तारीख दिसते, ती फोटो काढल्याची नसून व्हॉट्सॲपवरून आल्या-गेल्याची असते. फोटोतली कॅमेऱ्याची आणि ठिकाणाची माहिती व्हॉट्सॲप आधीच काढून टाकतं, त्यामुळे 'फोटोवरून लोकेशन काढा' ही मागणी करू नका.

भाषेचं थोडं. बाहेरून आलेली तयार साधनं मराठीपुढे अडखळतात. फेसबुकवरून उतरवून घेतलेल्या जेसन फाईलमध्ये देवनागरी मजकूर चुकीच्या सांकेतिक रूपात येतो आणि सगळं वाक्य कचरा दिसतं. 'फाईल खराब आहे' म्हणून ती परत पाठवलेली मी पाहिली आहे. छोट्या प्रोग्रामनं ते सरळ होतं. शोधशब्दांचंही तसंच. 'शेतकऱ्यांनो' मधला तो अर्धा ऱ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. मराठी रोमन लिपीत लिहिणारा 'झालं' कधी जेड लावून लिहितो, कधी जे आणि एच लावून. जुन्या हिशेबाच्या फाईली श्रीलिपीत, म्हणजे जुन्या फाँटच्या पद्धतीत, असतील तर त्यांत देवनागरी शब्द शोधून काहीच सापडणार नाही. म्हणून प्रत्येक शब्दाची पाच-सहा रूपं मी स्वतः लिहून शोधाला देते.

तुमच्या स्क्रीनशॉटमधल्या पोस्टमध्ये 'शेठ पैसे बुडवायलाय' असं वाक्य आहे, ते माझ्या नजरेत अडकलं. 'बुडवायलाय', 'करायलाय' हा नांदेड-लातूरकडचा वळसा. जालन्यात 'बुडवू राहिलाय' जास्त ऐकू येतं. मुनीम कुठला आहे, ते तुम्ही लिहिलं नाही आणि मी मुद्दाम विचारत नाही. लिहिण्याच्या लकबीवरून चौकशीची दिशा मिळते, माणूस ठरत नाही. तेवढ्यावर कुणाला आरोपी केलंत, तर समोरचा वकील मोंढ्यातले नांदेडचे वीस हमाल ओळीनं उभे करील.

म्हणजे परत तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मी खात्यापासून यंत्रापर्यंत नेऊ शकते. यंत्रापासून ते चालवणाऱ्या हातापर्यंतचं अंतर वेगळ्याच पुराव्यांनी कापावं लागतं. कायदाही तेच धरून चालतो. साक्ष अधिनियमाचं कलम ९०, जुनं ८८अ, इलेक्ट्रॉनिक संदेश जसा यंत्रात भरला तसाच पोचला असं मानायची मुभा देतं, पण तो कुणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरू नका, असं त्याच वाक्यात बजावतं. एका तालुक्याच्या गावी खोट्या खात्याचा माग एका मास्तरांच्या वायफायपर्यंत गेला होता. मास्तर बिचारे चार दिवस ठाण्याच्या चकरा मारत होते. वायफायचा पासवर्ड त्यांचाच मोबाइल नंबर होता आणि अख्ख्या गल्लीला तो माहीत होता. राउटरच्या यादीतलं एक यंत्र घरातल्या कुणाचंच नव्हतं. ते शेजारच्या पोराच्या फोनशी जुळलं, आणि त्या फोनमध्ये खोट्या खात्याचं लॉगिन अजून उघडं होतं. तेव्हा कुठे हात दिसला.

मुनिमाचा फोन पोलिसांनी जप्त केलाच, तर दोन गोष्टी तपास अधिकाऱ्याच्या कानावर घाला. चालू असलेला, एकदा उघडलेला फोन बंद करू नये. तो पुन्हा सुरू झाला की आतली कुलपं नव्यानं लागतात आणि बरंच काही हाताबाहेर जातं. फ्लाइट मोड, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, चार्जर सोबत, पिशवी सीलबंद, आणि पुढचं प्रयोगशाळेला करू द्यावं. आणि जप्तीचं चित्रीकरण आता संहितेच्या कलम १०५ नुसार करायचंच आहे, तर त्यात फोनचा आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा क्रमांक) स्पष्ट दिसू द्या. शेठजींच्या फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादीही बघा. दुकानातल्या जुन्या संगणकावर त्यांचं व्हॉट्सॲप अजून उघडं असेल, तर सौदा कळायला कुणाला ईमेल फोडायची गरजच नव्हती.

शेठजींच्या पुतण्यानं 'ओळखीचा हॅकर' सुचवल्याचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. त्याला थांबवा. मुनिमाचं खातं कुणी परवानगीशिवाय उघडलं तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा तुमच्याच माणसाला आहे. आणि त्या खात्यात नंतर जे काही सापडेल ते 'तुम्हीच घातलं' असं म्हणायला समोरचा मोकळा.

ईएमएल फाईल, तिचं हॅश, जीमेलच्या फिल्टर आणि प्रवेश-यादीचं चित्रीकरण आणि फेसबुक खात्याचा अंकी क्रमांक, एवढं नव्या पेन ड्राइव्हवर घालून पाठवा. ईएमएल मेलवर पाठवायची असेल तर 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट'नंच. मुनिमाबद्दलची माहिती त्यात नको, ती मी हेडर वाचून झाल्यावर मागेन.